ब्याऐंशीचा गडी

जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या खानदेशातल्या बहुतेक गॅरेजांत, कोपऱ्यात, वरून कापलेला एक ऑइलचा डबा असतो. त्यात गंजलेले नटबोल्ट, आवाज करणारी बेअरिंगं, झिजलेले कार्बन ब्रश, आणि त्या गर्दीत हटकून दोन-चार थर्मोस्टॅट. बाकीची मंडळी झिजून, तुटून, नोकरी पुरी करून तिथं आलेली असतात. हा गडी मात्र अनेकदा धडधाकट असताना, निव्वळ संशयावरून तिथं पोचलेला असतो.

मे महिन्यात गाडी तापते. मिस्त्री बॉनेट उघडतो, वरचा होज पाइप इंजिनाला जिथं मिळतो तिथल्या झाकणाचे बोल्ट सोडतो, याला स्क्रूड्रायव्हरनं उचकटून बाहेर काढतो आणि डब्यात टाकतो. मिस्त्री धुळ्याकडचा असला तर वर समजूतही घालतो, "भाऊ, आठे इतलं ऊन पडस, वालनं काय काम शे?" वाल म्हणजे हा थर्मोस्टॅट. जळगावात हेच वेगळ्या हेलात ऐकायला मिळतं. साक्ष नाही, पुरावा नाही, बॉनेट बंद. गाडीवालाही खूश, कारण नवा पार्ट घ्यावा लागला नाही.

ज्याला असं हाकलतात तो दिसायला काही विशेष नाही. तळहातावर मावतो. वर एक गोल चकती. तिचा कडेचा पातळ काठ इंजिनाच्या खाचेत बसतो. चकतीच्या मधोमध झडप, झडपेवर धातूची कमान, खाली स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या पोटात बोटाच्या पेराएवढी पितळी कुपी. काठाजवळ एक बारीक भोक असतं आणि त्यात एक सैल पिन लोंबकळत असते. त्याला कानाशी धरून हलवलं तर ती टिकटिक करते. अंगावर दागिना म्हणाल तर एवढाच, आणि ओळख म्हणाल तर एक कोरलेला आकडा: ७४, ८२ किंवा ८८. वय नव्हे ते. किती अंशांना आपण हलणार याचं त्यानं आधीच लिहून दिलेलं वचन आहे. जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त भेटतो तो ब्याऐंशीचा.

त्याचं सगळं बळ त्या पितळी कुपीतल्या मेणात. उष्णता मेणात लवकर पसरावी म्हणून त्यात बऱ्याचदा तांब्याची भुकटी मिसळलेली असते. पाणी थंड असतं तोवर मेण घट्ट, कुपी निवांत, आणि स्प्रिंगनं झडप दाबून धरलेली. ब्याऐंशीच्या आसपास मेण वितळायला लागतं. वितळताना ते दहाव्या हिश्शाहून जास्त फुगतं, आणि बंद कुपीत फुगायला जागा नसते. मग ते आतल्या रबराला दाबतं, रबर मधल्या दांडीला बाहेर ढकलतं. दांडी वरच्या कमानीला टेकलेली असल्यामुळे ती हलत नाही; तिच्याऐवजी कुपीच खाली सरकते आणि झडपेला सोबत ओढून नेते. वाट उघडते. पुढच्या दहा-बारा अंशांत झडप सात-आठ मिलिमीटर सरकते आणि पूर्ण उघडी होते. पाणी निवलं की मेण आकसतं, स्प्रिंग झडप परत जागेवर आणते. ना वायर, ना बॅटरी, ना फ्यूज. मालक घाईत आहे की निवांत, हेही त्याला कळत नाही. त्याला कळतं फक्त तापमान.

या घराण्याचा इतिहास मोटारीइतका जुना नाही. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पाणी आपोआप फिरे; गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, थंड खाली उतरायचं, मध्ये अडवणारा कुणी नव्हता. पुढं पंप आले आणि पाणी गरजेपेक्षा जोरात फिरू लागलं, तेव्हा त्याला आवरणारा कुणीतरी हवा झाला. त्या कामावरचे थोरले भाऊबंद पातळ पितळी पत्र्याच्या सुरकुतलेल्या डबीचे होते, आणि त्या डबीत लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असे. त्यांची एक खोड होती: तापमानाबरोबर दाबालाही ते बधत. रेडिएटरवर दाब धरणारी झाकणं आली आणि त्यांचा हिशेब चुकायला लागला. सर्जियस व्हर्ने यांनी १९३४ मध्ये मेणाची कुपी शोधून काढली. मेण दाबाला दाद देत नाही. त्यामुळे मेणवाल्यांनी ती जागा पटकावली आणि पूर्वी मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीपासून मारुती ८०० पर्यंत आपल्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांत बस्तान बसवलं.

लग्नघरात कोठीची किल्ली कमरेला लावून बसलेली एक आत्या असते. पहिल्या पंगतीला लाडू कमी सोडते म्हणून पोरंसोरं तिच्या नावानं बोटं मोडतात, आणि शेवटच्या पंगतीला लाडू पुरतात ते तिच्यामुळेच. थर्मोस्टॅटचा स्वभाव नेमका तोच. सकाळी इंजिन चालू झालं की तो रेडिएटरची वाट अडवून बसतो. इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. तापलं की मोजून सोडतो. जास्त तापलं तर जास्त सोडतो, निवलं की हात आखडता घेतो.

खानदेशात त्याची नड कुणाला जाणवत नाही याचं कारण उघड आहे. भुसावळ, जळगाव ही नावं उन्हाळ्यात तापमानाच्या बातम्यांत पहिल्या ओळीत असतात. पारा ४५ च्या वर गेला तरी कुणी दचकत नाही. पण याच खानदेशात, जानेवारीत, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आकडा एकेरी आलेला असतो आणि पेपरवाले तोही छापतात. अशा पहाटे पारोळा रोडला लागलेल्या, थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीचा टेंपरेचरचा काटा बघा. एरंडोल आलं तरी तो खालच्या रेघेला चिकटलेला असतो. समोरून गार वारा, रेडिएटरची वाट सताड उघडी, इंजिन तापणार कसं? चालवणारा म्हणतो, बघा, गाडी किती थंड चालते.

गाडीला थंड चालायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पुरेसं गरम असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं. थंड असेल तर त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवर साचतं, रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. सोबत न जळलेलं पेट्रोलही उतरतं आणि ऑइल पातळ करतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा चिकट थर दिसला तर बहुतेक वेळा हीच कथा असते. (हेड गॅसकेट गेल्यावरही तसाच थर दिसतो, तेव्हा घाईनं निवाडा नको.) इंजिनाची झीज थंडपणी जास्त होते. अव्हरेज पडतो. जुन्या डिझेल जीपमध्ये तर थंड इंजिन पांढरा धूर सोडत खडखडत राहतं. हे सगळं हळूहळू होतं, दोन-तीन वर्षांनी बिल येतं, आणि तेव्हा डब्यातल्या थर्मोस्टॅटची आठवण कुणालाही होत नाही.

आता मे महिन्याकडे वळू, कारण त्याच्यावरचा मुख्य आरोप तिथला आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी गाडी घ्या, किंवा कोंडाईबारी घाट चढणारी. दुपारचे दोन, पाच माणसं, टपावर सामान. पाणी पंचाण्णवच्या पुढं गेलेलं असतं. अशा वेळी शाबूत थर्मोस्टॅट काय करत असतो? काहीच नाही. तो केव्हाच पूर्ण उघडून बसलेला असतो. त्याच्या हातात होतं ते त्यानं देऊन टाकलं. इथून पुढं पाण्याचं तापमान ठरवणार रेडिएटर, पंखा, पंप आणि ड्रायव्हरचा उजवा पाय. म्हणूनच ब्याऐंशीच्या जागी चौऱ्याहत्तरचा बसवल्यानं घाटात गाडी उकळायची थांबत नाही. कमी आकड्याचा थर्मोस्टॅट वाट लवकर उघडतो एवढंच. कमाल किती तापावं ते त्याच्या अखत्यारीत नाही, किमान किती तापावं ते आहे.

काढून टाकल्यावर काही दिवस गाडी बरी चालते, हेही खरं. क्षारांनी निम्म्या नळ्या भरलेल्या रेडिएटरमधून पाणी जरा जास्त जातं आणि काटा थोडा खाली येतो. रोग आत तसाच राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात मोठा होऊन परत येतो. काही इंजिनांत तर उलटाच प्रकार होतो. त्यातल्या थर्मोस्टॅटला तळाशी दुसरी छोटी चकती असते. वरची झडप रेडिएटरची वाट उघडते तेव्हा ही खालची चकती इंजिनातल्या इंजिनात फिरणाऱ्या आडवाटेचं तोंड बंद करते. असा दुतोंडी गडी काढला, की ती आडवाट कायमची उघडी पडते. गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरचं तोंडही न बघता पुन्हा इंजिनात जातो. म्हणजे थंडाव्यासाठी थर्मोस्टॅट काढला आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. मग मिस्त्री म्हणतो, हेड खोलावं लागेल.

तो कधीच बिघडत नाही, असा दावा नाही. बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं भरलं तर दांडीवर गंज आणि थर चढतो आणि झडप अडकते. कुपीचं रबर फाटलं तर मेण गळतं, ढकलायला काही उरत नाही, आणि स्प्रिंग झडप बंदच ठेवते. हा त्याचा वाईट मृत्यू. पाणी इंजिनात कोंडतं आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर हेड वाकतं. उघडा अडकून मेला तर निदान गाडी घरी येते. गॅरेजमध्ये न जाताही थोडीफार परीक्षा होते. थंड इंजिन चालू करून वरच्या होज पाइपावर अधूनमधून हात ठेवा, पंख्यापासून लांब. काही मिनिटं पाइप थंडच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेला तर वाट उघडी आहे. काटा वर चढला आणि पाइप अजून थंड, तर वाट बंद आहे. गाडी लगेच बंद करा. आणि कुठल्याही परिस्थितीत गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. मारुतीच्या ०.९ च्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण फिरवलं की तेच क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

खरी परीक्षा मात्र पातेल्यातच. धुळ्यात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेकॅनिक आहेत. गल्लीत सगळे त्यांना नाना म्हणतात. एकदा एक तरुण आपल्या वडिलांची मारुती ८०० घेऊन त्यांच्याकडे आला. गाडी तापत होती, जुना थर्मोस्टॅट एका गॅरेजनं काढून हातात दिला होता आणि दुकानातून आणलेला नवा खोक्यात होता. दोघांवरही ८२ कोरलेलं. तो म्हणाला, "नाना, नवा बसवून द्या." नानांनी दोन्ही हातात घेतले, एकेक करून उजेडाकडे धरले, झडपेच्या कडेनं कुठं उजेड झिरपतोय का ते पाहिलं, आणि अंगणात शेगडी लावली. ज्यात पुन्हा चहा होणार नाही असं एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं, शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी काचेची तापमापी, आणि दोरा.

दोऱ्याची युक्ती बघण्यासारखी होती. झडप नखानं किंचित दाबून तिच्या फटीत दोऱ्याचं टोक सरकवलं आणि झडप सोडली. स्प्रिंगनं दोरा गच्च धरला. मग दोरा आडव्या काडीला बांधून थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत सोडला, तळाला टेकू न देता, कारण पातेल्याचा तळ पाण्यापेक्षा गरम असतो. तापमापीसुद्धा तशीच अधांतरी. दोन दोरे, दोन थर्मोस्टॅट, शेगडी बारीक, आणि नाना काडीनं पाणी हलवत बसलेले. तरुणाची चुळबुळ सुरू झाली तेव्हा वर न बघता म्हणाले, "तपू दे, घाई कसाले करस?"

त्र्याऐंशीला जुना टणकन तळाशी पडला. झडप उघडली, दोरा सुटला. नवा लोंबकळतच राहिला. शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी. तो पडला एक्क्याण्णवला. नानांनी चिमट्यानं दोघांना वर काढलं. जुना पूर्ण उघडला होता, नव्याची झडप जेमतेम नखभर हलली होती. मग दोघांना निवत ठेवलं, कारण उघडणं ही अर्धी परीक्षा, नीट बंद होणं उरलेली अर्धी. बंद होताना चार-पाच अंश मागंपुढं होणं चालतं. जुना मिटला आणि पुन्हा उजेडाकडे धरला तर कुठं फट नाही.

नव्याला खोक्यात घालून परत दुकानात पाठवलं. जुना होता त्याच जागी बसला. आणि तापण्याचं कारण? रेडिएटरच्या बाहेरच्या पत्र्यांमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ गच्च बसली होती. गाडी जिनिंगच्या रस्त्यावरून रोज जायची. पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं आतून बाहेर धुतल्यावर काटा जागेवर आला.

निवड करायची तर आकड्याच्या बाबतीत कारखान्याचं ऐकावं. अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश बी-सीरिज घराण्यातलं. त्याच घराण्यातल्या एमजीबी गाडीच्या पुस्तिकेत नेहमीसाठी ८२, उष्ण देशांसाठी ७४ आणि थंड देशांसाठी ८८ असे तिन्ही आकडे दिलेले आहेत. तेव्हा ७४ घालणारा अडाणी ठरत नाही. पण ती शिफारस जुन्या काळच्या पाण्याची आणि कमी दाबाच्या झाकणांची आहे. रेडिएटर साफ, झाकण चांगलं आणि पाण्यात कुलंट असेल, तर खानदेशात बाराही महिने ८२ सोयीचा; जानेवारीत तो इंजिन तापवतो आणि मेमध्ये आडवा येत नाही. ८८ चा इथं गरजेचा नाही, पण ज्या इंजिनाला कारखान्यानं दिला आहे त्याला तोच द्यावा.

दुकानाच्या काउंटरवर आकडा वाचून भागत नाही. जुना सोबत न्यावा आणि शेजारी शेजारी ठेवावा. काठाचा व्यास तोच हवा, उंची तीच हवी. कुपी जास्त लांब असली तर आत टेकते आणि झडप अर्धवट उघडी राहते. तळाला दुसरी चकती असेल तर नव्यालाही असलीच पाहिजे. सैल पिनेचं भोक आहे का बघावं. कमान चकतीला पक्की बसलेली हवी, हातानं हलता कामा नये. मग घरी आणून पातेल्यात घालावा. खोक्यावरचा भाव काहीही असो. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर पाणी ९९ च्या आसपास उकळतं, त्यामुळे ब्याऐंशीच्याची पूर्ण परीक्षा इथं होते. उंचावरच्या तोरणमाळला पाणी ९६ लाच उकळू लागतं. ८८ च्याला तिथं तपासलात तर तो पूर्ण उघडणार नाही आणि तुम्ही त्याला विनाकारण नापास कराल.

बसवताना मेणाची कुपी इंजिनाकडे, म्हणजे गरम पाण्यात. उलटा बसवला तर कुपी रेडिएटरच्या थंड बाजूला पडते आणि त्याला काही कळेपर्यंत इंजिनाचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. चकती उभी बसत असेल तर सैल पिन सर्वांत वर, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. जुनं पॅकिंग ब्लेडनं साफ खरवडावं, बोल्ट बेताचे आवळावेत. ॲल्युमिनियमच्या झाकणाचे कान तुटतात ते अशाच वेळी. पाणी भरायचं तर बोअरचं नको. शुद्ध पाणी आणि कुलंट. गाडी थंड असताना झाकण उघडं ठेवून चालू करावी, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावं.

नव्या गाड्यांत या गड्याचे दिवस पालटले आहेत. काहींत मेणाला तापवायला आतून वीज दिलेली असते, म्हणजे कधी उघडायचं ते संगणकही ठरवतो. आणि कुणी त्याला काढून टाकला तर इंजिन वेळेत तापत नाही हे संगणकाच्या लक्षात येतं. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर लावला की पी०१२८ हा कोड दिसतो, ज्याचा अर्थ कुलंटचं तापमान थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापेक्षा कमी आहे असा. तिथं त्याच्या बाजूनं बोलणारा एक साक्षीदार आहे. जुन्या गाडीत असा कुणी नाही. तिथं पाण्याची पातळी, झाकणाचं रबर, पंख्याचा पट्टा किंवा स्विच, रेडिएटरचे पत्रे आणि पंप हे पाच जण आधी तपासायचे, आणि मग याची पाळी. त्यातही पातेल्यात नापास झाला तरच डबा. आणि डब्यात टाकला तर त्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा, पास झालेला.